ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

केमोनंतर आईला ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का, असं ताईंनी विचारलंय. कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, म्हणून कळकळीने सांगते, थांबू नका. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सीच, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. क्रोसिनने ताप उतरतो, जंतुसंसर्ग नाही, उलट तो झाकला जातो.

मागे एक काका पहाटे आले, हातपाय गार पडलेले. काकूंनी रात्री दहापासून दर तासाचा ताप वहीत लिहून आणला होता, अगदी रेघा मारून. फोन मात्र केला नाही, 'सिस्टरना रात्री कशाला त्रास' म्हणून. काका वाचले, पण आठ दिवस आयसीयूत गेले. ती वही अजून डोळ्यांसमोर येते. अहो, आम्ही जागे असतो ते तुमच्या फोनसाठीच!

आणि हो, केमोचं लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) शिरेतून चालू असताना सुईपाशी जरा जरी चुरचुरलं तरी लगेच हाक मारायला सांगा आईंना. शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका.