टॉवर नसलेला विमानतळ: धावपट्टीवर जाण्याआधी नेमकं काय बघायचं?

प्रश्न (नवापंख):
टॉवर असला की 'थांबा', 'जा' सांगणारा कोणीतरी असतो. तो नसतो तिथे सामायिक फ्रिक्वेन्सीवर घोषणा केली आणि कोणी काहीच बोललं नाही, तर धावपट्टी मोकळी धरायची का? होल्ड लाइनपासून (धावपट्टीआधीची थांबायची रेघ) चाकं सुटेपर्यंतचा तुमचा क्रम सांगाल का?

आडवावारा:
मुळीच धरू नका. समोरच्याचा फ्रिक्वेन्सीतला एक आकडा चुकला असेल, आवाज कमी असेल, तो दुसऱ्या रेडिओवर बोलत असेल. काही जुन्या विमानांत रेडिओच नसतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो सक्तीचाही नाही.

होल्ड लाइन म्हणजे चार पिवळ्या रेघा, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला दिसल्या की अलीकडेच थांबायचं. उभं राहताना नाक धावपट्टीशी काटकोनात नको, फायनलकडे (उतरणाऱ्या विमानाचा धावपट्टीच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) तिरकं ठेवा. वरच्या पंखाच्या विमानात बेस (फायनलआधीचा आडवा टप्पा) आणि फायनल नेमके पंखाआड जातात, म्हणून थोडं वळून दोन्ही बाजू बघाव्या लागतात. आधी फायनल, मग बेस, मग धावपट्टीचं दुसरं टोक आणि तिकडची फायनल. वारा पडलेला असला की दोन्ही टोकांकडून विमानं येतात. धावपट्टी मध्ये उंच असेल तर पलीकडचं विमान जमिनीवर असूनही दिसत नाही.

कोणी 'तीन मैल फायनल' म्हणाला तर आधी विमान कोणतं ते ऐका. 70 नॉटने (ताशी 70 सागरी मैल) येणाऱ्याला अडीच मिनिटं लागतात, 120 नॉटच्या छोट्या जेटला दीडच. फायनलवरच्याचा हक्क पहिला. शंका असेल तर थांबा, त्याला उतरून बाहेर पडू द्या.

सर्किटपाटील:
वरच्या उत्तरात एक भर: रेडिओवर उत्तर *आलं* तरी ते कोणाचं, हे कळायला हवं. 19 नोव्हेंबर 1996 रोजी अमेरिकेत इलिनॉयमधल्या क्विन्सीला बीच 1900 प्रवासी विमान धावपट्टी 13 वर उतरत होतं, आणि तिला छेदणाऱ्या धावपट्टी 04 वर एक किंग एअर (दोन इंजिनांचं छोटं विमान) उड्डाणाच्या तयारीत होतं. 1900 च्या वैमानिकांनी विचारलं, 04 वरचं विमान थांबणार ना? उत्तर दिलं किंग एअरमागे उभ्या असलेल्या चेरोकी या छोट्या विमानाने. त्याच वेळी 1900 च्या कॉकपिटमध्ये उंचीची यांत्रिक सूचना वाजली, बोलणं तुटलं आणि ते उत्तर किंग एअरचंच वाटलं. दोन्ही विमानं छेदावर आदळली, 14 जण गेले. त्या प्रश्नाला किंग एअरने उत्तरच दिलं नव्हतं.

म्हणून विमानाचा प्रकार, जागा, धावपट्टी, इरादा, सगळं बोला: 'अमुक ट्रॅफिक, सेसना 172, रनवे 27, टेकिंग ऑफ, डिपार्टिंग वेस्ट, अमुक.' विमानतळाचं नाव शेवटी पुन्हा, कारण एकाच फ्रिक्वेन्सीवर शेजारचे दोन-तीन विमानतळ असू शकतात. रांगेत दुसरे असाल तर 'मी दुसरा आहे' हे आधी सांगा. आणि इन्स्ट्रुमेंट अप्रोचवर (उपकरणांच्या आधारे उतरत) असाल तर नुसतं फिक्सचं (नकाशावरच्या ठरलेल्या बिंदूचं) नाव घेऊ नका. शिकाऊ वैमानिकाला त्यातून काहीच कळत नाही, 'उत्तरेला पाच मैल' लगेच कळतं.

नवापंख:
आणि समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या टोकाला नेणारा बाजूचा रस्ता) नसेल, धावपट्टीवरूनच उलटं टोकापर्यंत जावं लागत असेल तर?

आडवावारा:
मग धावपट्टी जास्त वेळ अडते, आणि जोखीमही तिथेच वाढते. निघण्याआधी 'बॅक-टॅक्सी' अशी घोषणा करा, लँडिंग लाइट आणि स्ट्रोब (लखलखणारे दिवे) लावा. सर्व चाचण्या आधीच उरका, टोकावर इंजिन रन-अप (इंजिन जोरात चालवून तपासणं) करत बसू नका. टोकाला वळताना पुन्हा फायनल बघा. धावपट्टीच्या मध्यरेषेवर येऊन पाठ फायनलकडे करून थांबणं तर टॉवर नसताना कधीच नको, मागून येणारा दिसत नाही. थ्रॉटल ढकलण्याआधी कंपासवरची दिशा धावपट्टीच्या आकड्याशी जुळवा. 27 म्हणजे सुमारे 270. 90 दिसत असेल तर तुम्ही उलट्या टोकावर आहात.

सर्किटपाटील:
उतरल्यावरही शेपूट होल्ड लाइनपलीकडे गेल्याशिवाय 'क्लिअर' (धावपट्टी मोकळी केली) म्हणू नका.