मदत हवी आहे: १/३५० मिलेनियम फाल्कन – इंजिनात उजेड, वॉशनंतर गेलेला तडा, आणि रंग 'खेळण्यासारखा' दिसणं

अवकाशवाट

नमस्कार मंडळी. बंदाई या जपानी कंपनीच्या किटमधून 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या मिलेनियम फाल्कन या अवकाशजहाजाचं १/३५० मापाचं मॉडेल करायला घेतलं आहे. जहाजाची लांबी ३४.७५ मीटर धरली तर मॉडेल जेमतेम १० सेंमी भरतं, तळहातावर मावेल एवढं. एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, रंग तामिया ॲक्रिलिक, सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची. मुक्काम पुणे, त्यामुळे सध्या हवा दमट.

अडचणी अशा:

१) मागच्या इंजिनाची पट्टी (कमानीवर मोजली तर सुमारे ४ सेंमी) एकसारखी निळसर-पांढरी उजळायला हवी. दोन ३ मिमी एलईडी आत ठेवून पाहिले, तर दोन ठिपके चमकतात आणि मधला भाग काळा राहतो. शिवाय वरच्या कवचातूनही उजेड झिरपतो.

२) पुढच्या दोन सुळक्यांपैकी एकाच्या सांध्यावर गडद तपकिरी एनॅमल वॉश (रेषांत उतरणारा अगदी पातळ रंग) सोडला. दुसऱ्या दिवशी तिथे केसासारखा तडा दिसला. भाग दाबून बसवलेले आहेत, सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) लावलेलं नाही. रंगावर एक्स-२२ क्लिअरचा (तामियाचा पारदर्शक) थर होता, तरी असं का झालं?

३) तळाचा रंग एक्सएफ-२ पांढरा, रेषांत काळा वॉश. मॉडेल जहाज न वाटता चौकडीचा कागद वाटतो आहे.

४) या मापात जादा तपशील कुठे घालावा आणि कुठे नाही?

कवच अजून कायमचं चिकटवलेलं नाही.

कोरीव

कवच उघडतं आहे ही चांगली गोष्ट. आधी तड्याचं बघा, कारण मूळ कारण कळलं नाही तर उरलेल्या सांध्यांचंही तेच होईल.

दाबून बसवायच्या भागात खुंटी छिद्रापेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे छिद्राभोवतीचं प्लास्टिक कायम ताणलेलं राहतं. एनॅमल थिनर नुसत्या स्टायरिनवर (मॉडेलच्या नेहमीच्या प्लास्टिकवर) टाकला तर सहसा काही होत नाही. ताणलेल्या स्टायरिनमध्ये मात्र तो शिरतो आणि ताणाला काटकोनात तडा पाडतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे भाग तर आणखी लवकर जातात. एक्स-२२ चा थर बाहेरचा पृष्ठभाग वाचवतो, पण वॉश सांध्याच्या फटीतून आत ओढला जातो आणि आत उघडं प्लास्टिकच असतं. थर कितीही जाड दिला तरी तिथे उपयोग नाही.

उपाय तीन, आणि तिन्ही करा. खुंट्या निम्म्या लांबीच्या कापा आणि टोकं तिरकी तासा. छिद्रं पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.१ मिमी मोठी करा, म्हणजे ३ मिमीच्या छिद्राला ३.१ चं ड्रिल. भाग बोटांनी न दाबता सहज निघाला पाहिजे. दुसरं, वरचं-खालचं कवच वेगवेगळं असतानाच वॉश करा, पूर्ण सुकू द्या, मग जोडा. तिसरं, वॉश ओतायचा नाही. बारीक ब्रशचं टोक रेषेला टेकवा आणि जेवढा ओढला जाईल तेवढाच जाऊ द्या.

आताच्या तड्यासाठी: आधी तो सांधा सैल करून ताण काढा, नाहीतर दुरुस्तीच्या शेजारी नवा तडा जाईल. मग पातळ सिमेंट (तामियाचं हिरव्या झाकणाचं चालेल) ब्रशने तड्याच्या एका टोकाला टेकवा, ते आपोआप आत जातं. हलकं दाबा, २४ तास ठेवा, १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा. रेष दिसत राहिली तर मिस्टर सरफेसर १००० चा (बारीक रेषा भरणाऱ्या प्रायमरचा) एक थेंब.

आणखी एक गोष्ट, कारण बाटल्यांची नावं फसवतात: एनॅमल वॉश पुसायला एक्स-२० हा तामियाचा एनॅमल थिनर वापरायचा. एक्स-२०ए हा ॲक्रिलिकचा थिनर, त्याने खालचा रंगच निघून येईल.

तांब्याची तार

उजेडाचं मी सांगतो. ठिपके दिसण्याचं कारण सरळ आहे: दोन एलईडींमधलं अंतर हे एलईडी आणि पुढच्या पडद्यामधल्या अंतरापेक्षा खूप जास्त आहे. ही दोन अंतरं साधारण सारखी ठेवा. फाल्कनमध्ये मागे ६-७ मिमी खोली मिळते असं धरलं, तर ४ सेंमीला ६ एलईडी लागतील. ३ मिमीचे सहा गोल एलईडी तिथे मावणारही नाहीत आणि त्यांचा उजेड पुढच्या बाजूला एकवटलेला असतो. ०६०३ मापाचे, तार आधीच जोडलेले, कोल्ड व्हाइट एसएमडी (चपटे, बारीक एलईडी) घ्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.

जोडणी: १२ व्होल्टचा अडॅप्टर, तीन-तीन एलईडींच्या दोन माळा. एका माळेवर सुमारे ९ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टसाठी ५६० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे ५ ते ६ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह पुरे. २० मिलिअँपिअरला हे एलईडी या मापात डोळ्यांत खुपतात आणि उजेड अडवणं अशक्य होतं. प्रत्येक माळेला तिचा स्वतंत्र रेझिस्टर हवा. दोन्ही रेझिस्टर स्टँडच्या बैठकीत ठेवा, जहाजात फक्त तीन तारा जातील: एक सामाईक धन आणि दोन ऋण. ०.२ मिमीची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. टोकावरचं इनॅमल ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. स्टँडला ३ मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी नळी, तारा तिच्यातून.

पडद्यासाठी दुधी ॲक्रिलिकची १ मिमी पट्टी कापून कमानीत बसवा. ती नसेल तर पारदर्शक पट्टीच्या मागे ट्रेसिंग पेपरचे दोन थर. निळसर छटा पडद्याच्या आतल्या बाजूला क्लिअर ब्लू (एक्स-२३) अगदी पातळ फवारून आणा. निळे एलईडी वापरू नका, ते फार गडद निळे दिसतात.

घरातल्या बल्बमधली एलईडी फिलामेंट काढून वाकवायचा मोह होईल, आकारही बरोबर बसतो. ती घेऊ नका. तशी एक पट्टी ६० व्होल्टच्या वर चालते. ३ व्होल्टवर चालणारी लवचीक फिलामेंट वेगळी मिळते, ती चालेल.

झिरपणाऱ्या उजेडासाठी: कवचाच्या आतून काळ्या रंगाचे दोन थर, पूर्ण सुकल्यावर इंजिनाच्या आसपास पांढरा किंवा चंदेरी. काळा नसताना नुसता चंदेरी पुरत नाही. सांध्याच्या फटीतून उजेड येत असेल तर आतल्या कडेला स्टायरिनची ०.५ मिमी पट्टी चिकटवून ओठ तयार करा. ॲल्युमिनियम टेप उजेड उत्तम अडवतो, पण तो वीज वाहतो, म्हणून सोल्डरच्या जागा आधी कॅप्टॉन टेपने (वीज न वाहणाऱ्या टेपने) झाका. बाहेरचा रंग देण्याआधी अंधाऱ्या खोलीत दिवा लावून सगळीकडून बघा.

मोजपट्टी

प्रश्न ३ आणि ४ चं मूळ एकच आहे. १/३५० मध्ये १ मिमी म्हणजे ३५ सेंमी. तुमची ०.१५ मिमीची पॅनेल रेष म्हणजे प्रत्यक्षात ५ सेंमीची फट. तिच्यात काळा भरला की प्रत्येक पत्र्यामध्ये मूठ जाईल असं डोळ्याला वाटतं. मॉडेल जितकं लहान, तितका रंगातला फरक कमी ठेवायचा.

तळाचा रंग शुद्ध पांढरा नको. एक्सएफ-२ चे १० भाग, एक्सएफ-१९ (राखाडी) चे २ आणि एक्सएफ-५७ (बदामी) चा अर्धा भाग घ्या. पातळ करायला एक्स-२०ए किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल, रंगाइतकाच किंवा दीडपट. दाब १५ ते १८ पीएसआय. तीन-चार धुक्यासारखे थर, कारण एका जाड थरात इथल्या रेषा बुजतात. मग त्याच मिश्रणात राखाडी थोडा वाढवून पाच-सहा पॅनेल वेगळे करा. फरक हातात धरल्यावर दिसावा, मीटरभरावरून दिसू नये.

वरच्या-खालच्या मोठ्या पृष्ठभागावर वॉश राखाडी. गडद तपकिरी फक्त कडेच्या भिंतीत, जिथे नळ्या-यंत्रं दाटीने आहेत, आणि मागच्या सहा गोल झरोक्यांत. ही दोन ठिकाणं खोल आहेत, तिथे गडद रंग शोभतो. वॉश २०-३० मिनिटांनी पुसा. कॉटन बड एक्स-२० मध्ये बुडवून कागदावर टिपा, जवळजवळ कोरडा झाला की हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे ओढा.

खरवडलेल्या रंगासाठी मीठ किंवा हेअरस्प्रेची पद्धत इथे नको. मिठाचा दाणा अर्ध्या मिमीचा धरला तरी प्रत्यक्षात १७ सेंमीचा खड्डा होतो. स्पंजही तसाच. अगदी टोकदार रंगीत पेन्सिल किंवा सुईचं टोक बरं.

कोरीव

मोजपट्टींशी सहमत. तपशिलाबद्दल माझं मत: नवीन काही चिकटवण्याआधी आहे ते पातळ करा. ताटलीसारख्या अँटेनाची कड अर्धा मिमी जाड असेल तर ती साडेसतरा सेंमीचा पत्रा झाली. मागच्या बाजूने ब्लेड आडवं धरून तासा, पुढची कड हलवू नका.

वर आणि खाली चार-चार नळ्यांच्या तोफा आहेत. त्यांच्या नळ्या कापून औषधाच्या दुकानातली ३० गेजची सुई लावा, बाहेरचा व्यास ०.३१ मिमी. निपरने कापलीत तर तोंड चेपतं. काचेवर ठेवून त्रिकोणी कानशीने खाच पाडा, सुई फिरवत राहा, मग वाकवून तोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडा उडतो.

कडेच्या भिंतीत ०.१ आणि ०.२ मिमी तांब्याच्या तारेच्या आठ-दहा नळ्या. जास्त नको. मेणबत्तीवर ओढलेला स्प्रू (किटचे भाग धरून ठेवणारी प्लास्टिकची काडी) आणखी सोपा, कारण तो पातळ सिमेंटने चिकटतो. मूळ चित्रीकरणाची मॉडेल करतानाही कारागिरांनी रणगाड्यांच्या किटचे भाग वापरले होते, पण ते मॉडेल फुटांत मोजायचं होतं. आपल्या १० सेंमीत तसा भाग चिकटवला तर तो बंगल्याएवढा होतो. वरचा सपाट भाग मोकळा सोडा. डोळ्याला थांबायला जागा लागते, ती तिथेच मिळते.

अवकाशवाट

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. खुंट्या तासून झाल्या, कवच आता सहज उघडतं. दोन शंका उरल्या. विटकरी पॅनेलसाठी डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) की रंग? आणि वैमानिक कक्षात मंद पिवळा उजेड आणता येईल का?

मोजपट्टी

रंग. डेकलची कड एवढ्या लहान पॅनेलवर दिसतेच. ६ मिमी मास्किंग टेपच्या ०.५ मिमी पट्ट्या काचेवर नव्या ब्लेडने कापा. एक्सएफ-७ (लाल) मध्ये एक्सएफ-६४ (तांबूस तपकिरी) निम्मा आणि तळाचा रंग पाव भाग मिसळा.

कोरीव

इथे मी वेगळं म्हणेन. दीड-दोन मिमीच्या पॅनेलभोवती चारही बाजूंनी टेप बसवताना कोपऱ्यातून रंग झिरपतो आणि तो पुसताना तळही जातो. डेकलची पारदर्शक कड पूर्ण कापून टाका, एक्स-२२ चा थर २४ तास सुकू द्या, खाली मार्क सेटर (डेकल धरून ठेवणारं द्रव) आणि वर मार्क सॉफ्टर (डेकल मऊ करणारं द्रव). सॉफ्टर लावल्यावर डेकल सुरकुततं, तेव्हा हात लावू नका, स्वतःहून बसतं. खाली चंदेरी चमक राहिली तर हवा अडकली आहे: सुईने टोचून पुन्हा सॉफ्टर. कोरडं झाल्यावर सुईच्याच टोकाने कडा खरवडल्या की रंग उडाल्यासारखं दिसतं आणि खालचा खरा तळ दिसतो. मोठ्या पॅनेलना मात्र मोजपट्टी म्हणतात तसं टेप आणि रंगच.

तांब्याची तार

कक्षासाठी ०.५ मिमी ऑप्टिकल फायबरचा एक धागा पुरे, वॉर्म व्हाइट ०६०३ एलईडी मुख्य कवचात ठेवा. दोन्ही माळा भरलेल्या आहेत, म्हणून याला स्वतंत्र रेझिस्टर: १२ व्होल्टवर ४.७ किलोओहम, सुमारे २ मिलिअँपिअर. चौथी तार वाढेल. धागा कक्षाकडे जाणाऱ्या नळीतून काटकोनात वाकवू नका, उजेड वळणावर बाहेर पडतो. १० मिमी त्रिज्येचं वळण ठेवा. चिकटवायला पांढरा फेविकॉल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने फायबर ठिसूळ होऊन वळणावरच तुटतो.

मोजपट्टी

शेवटच्या मॅट थरासाठी हवा बघा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असताना लॅकरचा मॅट फवारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, पाणी धरतं आणि पांढरी धूसर झाक राहते. दोन आठवड्यांचं काम वाया जाऊ नये म्हणून आर्द्रतामापक जवळ ठेवा. एसी ड्राय मोडवर तासभर चालवून खोली बंद करा, मॉडेल आधी तिथेच ठेवा. झाक आलीच तर कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनरचं अगदी हलकं धुकं वरून फवारा, बहुतेकदा जाते. इंजिनाची पट्टी आणि कक्षाच्या काचा मॅटआधी झाका.

झरोक्यांमागची काजळी मॅटनंतर: काळ्या-तपकिरी पेस्टल खडूची भुकटी, कोरडा मऊ ब्रश, झरोक्यापासून मागच्या कडेपर्यंत. तिच्यावर पुन्हा वार्निश मारलंत तर निम्मी दिसेनाशी होते.

तांब्याची तार

कवच शेवटी सिमेंटने बंद करू नका. खुंट्या आता सैल आहेत, तर कडेला आतून ३ बाय १ मिमीचे निओडिमियम चुंबक तीन जागी, एपॉक्सीने. बसवण्याआधी प्रत्येक जोडीची समोरासमोर येणारी बाजू मार्करने खूण करून ठेवा, आणि एपॉक्सी सुकेपर्यंत दोन्ही अर्ध्यांमध्ये पातळ प्लास्टिकचा कागद धरा.