पाइनवुड डर्बी: ठोकळा, चार खिळे, चार चाकं. सुरुवात कुठून करावी?

नवखा_पालक
मुलगी आठ वर्षांची, कब स्काउटच्या पॅकमधून (लहान मुलांचा स्काउट गट) पाइनवुड डर्बीचं किट मिळालंय. म्हणजे लाकडी छोट्या गाड्या उतरत्या ट्रॅकवरून नुसत्या वजनाने सोडायची शर्यत. त्यात पाइनचा ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि चाकांचे आस म्हणून चार खिळे एवढंच आहे. नियमांच्या कागदावर वजन जास्तीत जास्त 5 औंस, लांबी 7 इंच, रुंदी पावणेतीन इंच, पोटाखाली 3/8 इंच मोकळी जागा, किटमधलीच चाकं आणि खिळे, आणि फक्त कोरडं वंगण असं लिहिलंय. हातात तीन आठवडे आहेत. घरी हाताची करवत, ड्रिल, कानस आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे.

तीन प्रश्न आहेत. आकार कोणता घ्यावा? वजन कुठे बसवावं? आणि आठ वर्षांच्या मुलीने काय करावं, मोठ्यांनी काय?

भुसाकाका
आकारावर डोकं शिणवू नका. बहुतेक घरांत दोन आठवडे कोरीवकामात जातात आणि चाकं आदल्या रात्री ठोकली जातात. वेळेची वाटणी नेमकी उलटी हवी. सगळ्या गाड्यांना उतार तोच, वजन जवळपास तेच. फरक पडतो तो चाक खिळ्यावर किती घासतं यानेच.

तरी आकार हवाच, म्हणून सांगतो: पाचर. मागे उंच, नाकाकडे उतरती. एकच तिरका काप, आणि हवेला अडवायलाही फार काही उरत नाही. नाकाचा पुढचा भाग सपाट आणि निदान अर्धा इंच रुंद ठेवा, कारण सुरुवातीच्या रेषेवर गाडी नाकाने एका खुंटीला टेकून उभी असते. टोकदार नाक खुंटीवरून घसरतं, फार उचललेलं नाक खुंटीवर अडकतं.

ठोकळ्याच्या तळाला खिळे बसवायच्या दोन आडव्या खाचा आहेत ना? नीट बघा, एका टोकापासून खाच जवळ आहे, दुसऱ्यापासून लांब. जवळची खाच मागे घ्या. नाक खुंटीला टेकलेलं असतं, तेव्हा मागची चाकं जितकी मागे तितकं वजनही उतारावर वर राहतं. फक्त अशी उलटापालट पॅकला चालते का, हे विचारून घ्या. पुढची बाजू ठरली की पेन्सिलने बाण काढून ठेवा. ठोकळा हातात फिरत राहतो आणि भलत्याच बाजूने कापला जातो.

आता क्रम. वजनाची भोकं आधी पाडा, काप नंतर. ठोकळा चौकोनी असतो तोवर व्हाइसमध्ये (लाकूड आवळून धरणारा शिकंजा) घट्ट बसतो आणि ड्रिल सरळ जातं. पाचर झाल्यावर तो धरायलाच येत नाही. खाचांच्या वर किमान 10 मिमी लाकूड शिल्लक ठेवा, नाहीतर खिळा दाबताना तिथेच चिरतं.

तराजू
वजनाचा हिशोब मांडून बघू. 5 औंस म्हणजे 141.7 ग्रॅम. पाचर कापल्यावर लाकूड साधारण 45 ते 55 ग्रॅम उरतं, चाकं आणि खिळे मिळून 15 च्या आसपास. म्हणजे 70 ते 80 ग्रॅम तुम्हालाच भरायचे आहेत. पोलादाची घनता 7.8, टंगस्टनची 19.3. पोलादाला 10 घन सेंटिमीटर जागा लागत असेल तर टंगस्टनला 4 पुरतात, त्यामुळे ते सगळं हवं तिथे, मागच्या आसाजवळ कोंबता येतं. टंगस्टन महाग वाटलं तर पोलादाचे नट-बोल्ट किंवा जस्ताच्या पट्ट्याही चालतील, फक्त त्या जास्त लांबीभर पसरतील. शिसं नको. लहान मूल कानस आणि सँडपेपर चालवणार आहे, त्याची धूळ पोटात जायला नको.

गाडीचा तोल मागच्या आसाच्या 1 इंच पुढे साधायला हवा. फूटपट्टी कडेवर उभी धरून गाडी तिच्यावर आडवी ठेवा, जिथे डुलत स्थिरावेल तो बिंदू. अनुभवी मंडळी पाऊण इंचावर आणतात. पहिल्या गाडीला तो मोह नको. नाक हलकं झालं की उतार संपून सपाटी लागते तिथे पुढची चाकं उचलतात आणि गाडी ट्रॅकवर डोलायला लागते.

वजन मागे का, हे मुलीला सांगायचं तर असं: गाडीचं वजन जितकं वर, तितकं ते जास्त खाली पडतं. ट्रॅक 4 फूट उंच आणि 30 अंशांचा धरला तर तोल 1 इंच मागे नेल्याने तो अर्धा इंच जास्त खाली येतो. वेग वाढतो जेमतेम अर्धा टक्का. पण पुढच्या 24 फुटांच्या सपाटीवर तेवढ्यानेच सुमारे 4 सेंटिमीटरची आघाडी मिळते, आणि शर्यती यापेक्षा कमी अंतरानेही ठरतात.

भुसाकाका
तराजूच्या हिशोबात एक भर. घरचा काटा आणि पॅकचा काटा जुळतीलच असं नाही. घरी 139 ग्रॅमवर थांबा. पोटाला एक छोटं भोक मोकळं ठेवा आणि शेवटचे दोन-तीन ग्रॅम स्पर्धेच्या टेबलावर भरा. वजन जास्त भरलं तर ऐनवेळी ड्रिल शोधत फिरावं लागतं, कमी असेल तर भर घालणं सोपं. आणि हो, रंगाचंही वजन असतं. अखेरचं माप रंग वाळल्यावर घ्यायचं.

वजनं ग्लूगनने चिकटवू नका. गुळगुळीत धातूवर तो गोंद धरत नाही, गाडी ट्रॅकच्या शेवटच्या गादीवर आदळली की वजन सुटून बाहेर येतं. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा, आणि रात्रभर हात लावू नका. पोटाखाली काही लोंबत नाही ना तेही बघा. 3/8 इंचाचा नियम उगीच नाही, ट्रॅकच्या मधोमध, डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये येणारी पट्टी असते आणि गाडी तिच्यावर घासते.

चौथं_चाक
सगळे वजनावर बोलताय. मी खिळ्यांवर येतो.

किटमधला खिळा भिंगाखाली बघा. डोक्याच्या खाली दांड्यावर समोरासमोर दोन बारीक कंगोरे असतात, साच्याने धरलेल्या जागेचे. डोक्याच्या आतल्या बाजूलाही कच असते. चाक फिरताना आतून नेमकं यांच्यावरच घासतं. हे काढणं हेच या गाडीतलं सगळ्यात मोलाचं काम.

खिळा ड्रिलच्या चकमध्ये टोकाकडून धरा, डोकं बाहेर. मंद वेगाने फिरवत बारीक कानस डोक्याच्या आतल्या बाजूला थोडी तिरपी टेकवा, कंगोरे जातील एवढंच. मग पाण्यात भिजवलेला सँडपेपर: 400, 600, 1000, शेवटी 2000. प्रत्येकाची पट्टी करून दांड्याभोवती गुंडाळायची, अर्धा मिनिट पुरतं. आधीच्या कागदाचे ओरखडे दिसेनासे झाले की पुढचा घ्या. मध्ये एक पायरी गाळली तर ते ओरखडे नंतर जातच नाहीत, वरून नुसती चकाकी येते. 400 वर फार वेळ घालवू नका, दांडा बारीक झाला की चाक लडबडतं.

चाकं: धावेवर (चाकाचा ट्रॅकला टेकणारा भाग) एखाद्या जागी साच्याचा बारीक उंचवटा असतो. तो 600 च्या कागदाने हलका घासा, हाताने. चाक ड्रिलवर चढवून जोरात घासलं तर प्लास्टिक तापून वितळतं आणि चाक लंबगोल होतं. धावेचा आकार बदललात तर बहुतेक पॅक गाडी बाद करतात.

ग्रॅफाइट, म्हणजे नियमातलं कोरडं वंगण: चाकाच्या भोकात चिमूटभर पूड, खिळा घाला, चाक फिरवा, पुन्हा पूड. असं पाच-सहा वेळा. खिळ्याच्या डोक्याखाली आणि चाकाची आतली बाजू गाडीला जिथे घासते तिथेही बोटाने चोळा. तेल कधीच नको, नियमातही नाही आणि धूळ धरतं. हे काम रंग पूर्ण वाळल्यावर, वर्तमानपत्र पसरून. एकदा ग्रॅफाइटचा हात लागलेल्या लाकडावर रंग बसत नाही. मुलांना हेच काम सगळ्यात आवडतं, अर्थात बोटं काळी होतात म्हणून.

रंगारी_आजी
कोणी काय करायचं याचं उत्तर राहिलंच की. ही शर्यत डॉन मर्फी यांनी 1953 साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला सुरू केली, कारण त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीच्या (मुलं स्वतः बसून उतारावरून चालवतात ती शर्यत) मोठ्या गाडीसाठी वयाने लहान पडत होता. खटाटोप मुलासाठीच होता, तेव्हा हातही मुलाचाच दिसू दे.

आठ वर्षांच्या मुलीला झेपतं ते असं. कागदावर बाजूची आकृती काढून कापणं आणि ठोकळ्याला चिकटवणं. हाताच्या करवतीने काप, ठोकळा व्हाइसमध्ये असेल तर आणि काप पहिल्यांदा तुम्ही एक सेंटिमीटर सुरू करून दिला तर. सँडपेपर 80, मग 150, मग 220, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे रंगाखालून वर येतात. तोल बघणं, काट्यावर आकडा वाचून लिहून ठेवणं, ग्रॅफाइट. ड्रिल, इपॉक्सी आणि खिळ्यांची कानस तुमच्याकडे. ड्रिल चालू असताना दोघांच्याही डोळ्यांवर गॉगल.

रंगाला घाई नको. आधी प्राइमर, मग पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर 400 चा हलका कागद. शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस. खाचांवर आधी मास्किंग टेप लावा. खाचेत रंग गेला की खिळा वाकडा बसतो आणि मग चौथं_चाक यांची सगळी मेहनत पाण्यात.

नवखा_पालक
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे भोकं आधी पाडली, पाचर कापली, वजन 139 वर, तोल 1 इंचावर. पुढचं उजवं चाक ट्रॅकला टेकू नये म्हणून जरा वर बसवलंय, तीन चाकांवर चालवण्याबद्दल ऐकलं होतं. पण फरशीवर गाडी सोडली की डावीकडे जाते. बरीच. खिळे अजून चिकटवलेले नाहीत. काय चुकलं?

चौथं_चाक
चिकटवले नाहीत हे फार बरं केलंत.

आधी फरशी सोडा, तिचा भरवसा नाही. 4 फूट लांब सपाट फळी घ्या, एका टोकाखाली साधारण एक इंचाची पट्टी सरकवा. आडवी मात्र ती अगदी समतल हवी, स्पिरिट लेव्हल लावून बघा. मधोमध पेन्सिलने रेष, तिच्यावर गाडी सोडा, शेवटी किती सरकली ते मोजा. तीनदा.

आता मागची चाकं. गाडी हाताने हळू पुढे ढकला आणि चाक खिळ्यावर कुठे सरकतंय ते बघा, मग मागे ओढून बघा. पुढे जाताना चाक गाडीला चिकटतंय आणि मागे येताना खिळ्याच्या डोक्याकडे जातंय, किंवा उलट, तर तो खिळा पुढे-मागे तिरका आहे. दोन्ही दिशांना सारखंच वागत असेल तर ठीक. मागची दोन्ही आधी दुरुस्त करा, मगच पुढच्याला हात लावा. उलट्या क्रमाने गेलात तर एक चूक दुसरीने झाकली जाईल आणि ट्रॅकवर दोन्ही घासतील.

मागचा खिळा तिरका असेल तर तो काढा आणि पुन्हा बसवताना खाचेच्या आतल्या तळाला टेकवून दाबा. टेकणाऱ्या तिन्ही चाकांचे खिळे तळाला टेकले की त्यांना एकच पातळी मिळते. खाच काटकोनात आहे का, हे गुण्याने तपासा. कारखान्याच्या खाचाही कधीकधी चुकलेल्या असतात.

खिळा हातोडीने ठोकू नका. पक्कडीने धरून फिरवत फिरवत आत घाला. चाक आणि लाकूड यांच्यात क्रेडिट कार्ड सैलसर सरकेल एवढी फट ठेवा, म्हणजे पाऊण मिलिमीटर. कमी असेल तर चाक आवळतं, जास्त असेल तर उतारावर इकडेतिकडे भरकटतं.

तराजू
उजवं पुढचं चाक किती वर आहे? 1.5 मिमी पुरे. ते फिरवण्यात ऊर्जा जात नाही एवढाच त्याचा फायदा, जास्त उचलून काही वाढत नाही. पॅकच्या नियमांत चारही चाकं टेकलीच पाहिजेत असं असेल तर मात्र खाली घ्या.

डावीकडे जाणं हे तुमच्या बाबतीत खास वाईट. टेकणारं पुढचं चाक डावं आहे. गाडी डावीकडे गेली की मधल्या पट्टीला उजवीकडची चाकं घासणार, त्यात मागचंही आलं. तिला किंचित उजवीकडे वळवा, म्हणजे पट्टीला फक्त डावं पुढचं चाक हलकं टेकून राहील आणि मागची दोन्ही मोकळी धावतील. 4 फुटांत 1 ते 2 इंच उजवीकडे, बस.

चौथं_चाक
बरोबर. त्यासाठी डाव्या पुढच्या खिळ्याला अगदी हलका बाक द्यायचा, दोन-अडीच अंशांचा, आणि डोक्यावर बारीक खाच करून स्क्रू-ड्रायव्हरने एकेका केसाएवढा फिरवत फळीवर तपासायचं. पण आधी नियम वाचा, काही पॅकना वाकवलेला खिळा चालत नाही. मग गाडी जितकी सरळ करता येईल तितकी करा आणि सोडून द्या.

जागा सापडली की खालून खाचेत लाकडाच्या गोंदाचा एक थेंब, काडीपेटीच्या काडीने. चाकाच्या बाजूला नाही.

नवखा_पालक
फळीवर मोजलं. डावीकडे 5 इंच जात होती. मागचा उजवा खिळा खाचेच्या तळाला टेकलाच नव्हता, आत रंगाचा थर होता. तो खरवडला. आता उजवीकडे पाऊण इंच जाते, डाव्या खिळ्याला हातही न लावता. पॅकने वाकवलेले खिळे नको असंच सांगितलंय.

रंगारी_आजी
मास्किंग टेप!

चौथं_चाक
पाऊण इंच छान आहे, आता काहीही हलवू नका. गोंद लावा, चाकं वर करून रात्रभर उलटी ठेवा आणि सकाळी फळीवर पुन्हा एकदा मोजा, गोंद वाळताना खिळा कधीकधी सरकतो. ग्रॅफाइटचा शेवटचा हात गाडी तपासणीला देण्याआधी. तपासणीनंतर गाडीला हात लावू देत नाहीत.