उत्तम शुक्रवारी दुसरा उद्गार मला दिलाय. घेऊ की नको?

शेवगावकर

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

मी नगर जिल्ह्यातला, वायरमनची कामं करतो. आमची मंडळी जुनी, मिशनच्या काळातली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीच्या दिवशी, बारा ते तीन उपासना असते आणि येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात. यंदा पाळकसाहेबांनी दुसरा उद्गार माझ्याकडे दिलाय. लूक 23:43, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने दिलेलं वचन, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मला न विचारताच यादी नोटीस बोर्डावर लागली.

मी दारू प्यायचो, आणि थोडीथोडकी नाही. तरुण संघाचा खजिनदार होतो तेव्हा हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावाचे पैसे माझ्याकडे होते. भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्या असं लोकांनी आणून दिलेलं, चढ्या बोलीने विकलेलं. ते पैसे दारूत गेले. पंचकमिटीतल्या एका काकांनी स्वतःच्या खिशातून भर घातली आणि पोलिसात जाऊ दिलं नाही. पण मंडळीत कुणापासून काही लपलं नाही. पुढे एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागलो, दारू सुटली. पैसे हप्त्याहप्त्याने पाळकसाहेबांच्या हाती दिले, त्यांनी काकांना पोचवले. काकांशी समोरासमोर मात्र अजून बोललेलो नाही. ते तिसऱ्या बाकावर बसतात, मी मागे दाराजवळ.

माझा विश्वास वरवरचा नाही. कामावर निघण्याआधी वचन वाचतो, प्रार्थनेशिवाय घराबाहेर पडत नाही. येशूने मला क्षमा केली याची मला खात्री आहे. पण मी पुलपिटावर, उपदेशाच्या जागी, उभा राहिलो की समोरच्यांना काय दिसणार, वचन की लिलावाचे पैसे? आणि उद्या मी पुन्हा घसरलो तर लोक माझ्या नावाला नाही, प्रभूच्या नावाला हसतील. पाळकसाहेबांना नाही म्हणून मोकळं व्हावं असं रोज वाटतं, पण नाही म्हणायची वेळ आली की जीभ उचलत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी स्पष्ट सांगा.

पिंपरीची मुलगी

दादा, घ्या. रोमकरांस 8:1 पाठ असेलच तुम्हाला. ख्रिस्त येशूत असणाऱ्यांवर आता दंडाज्ञा नाही. "आता" म्हणजे लोक विसरल्यावर नव्हे, आत्ता. मी तरुण संघात आहे आणि मला तरी गुळगुळीत भाषणापेक्षा तुमच्यासारख्या माणसाचं ऐकायला आवडेल.

जालनेकर

मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं वडील (मंडळीचा कारभार पाहणारा एल्डर) म्हणून काम केलं आहे. ताईंनी लिहिलेलं वचन खरं आहे, पण पवित्र शास्त्रात 1 तीमथ्य 3 सुद्धा आहे. पुढे उभं राहणाऱ्याची बाहेरच्या लोकांत चांगली साक्ष असावी, असं प्रेषित पौल तिथे सांगतो. हे वचन अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याच्या, पदाबद्दल आहे, एका दुपारच्या पंधरा मिनिटांबद्दल नाही, हे मान्य. तरी त्यातली काळजी खोटी ठरत नाही.

माझ्या मते तुमची अडचण पुलपिट नाही, तिसरा बाक आहे. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. पैसे पोचले हे चांगलंच झालं. पण पाळकांच्या हातून पाठवलेले पैसे म्हणजे समेट नव्हे. शुक्रवारच्या आत काकांच्या घरी जा. त्यानंतर बोलायचं की नाही हे तुम्हालाच कळेल.

वसईकर

मी कॅथलिक, तुमच्या उपासनेची पद्धत वेगळी आहे, पण एक लिहितो. आमच्याकडे उपवासकाळात पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरजवळ पाप कबूल करायला, रांग लागते. त्या रांगेत माझ्या मुलाचे शिक्षक असतात, गायनवृंदातल्या बायका असतात, आमचा बँक मॅनेजर असतो. प्रत्येकाला प्रत्येक जण दिसतो. फादरही स्वतःचं पापनिवेदन दुसऱ्या फादरकडे जाऊन करतात. त्या रांगेत उभं राहून मला माझ्या गावाची लाज वाटेनाशी झाली. तुमच्याकडे अशी रांग नाही, म्हणून प्रत्येकाला वाटत असेल की डाग आपल्या एकट्यावरच आहे.

सिस्टरबाई, सोलापूर

भाऊ, मी निवृत्त नर्स. मिरजेला मिशन हॉस्पिटलात शिकले, पुढची सगळी नोकरी सोलापुरात केली. दारूने आलेली माणसं वॉर्डात पुष्कळ पाहिली, त्यांच्या उशाशी बसलेल्या बायकाही पाहिल्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकांना लिलावाचे पैसे दिसतीलच. निदान पहिली पाच मिनिटं तरी. ते तुमच्या हातात नाही, आणि ते दिसेनासे होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर माणूस दाराजवळच म्हातारा होतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट बघा. येशूला पकडल्यावर, मी याला ओळखत नाही, असं म्हणून त्याने प्रभूला नाकारलं हे चारही शुभवर्तमानांत आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप पापियास सांगतो की मार्काने आपलं शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिलं. ते खरं धरलं तर दासीपुढे नाकारलं, शपथा वाहिल्या, कोंबडा आरवला, मी रडलो, हे सगळं पेत्र स्वतःच मंडळ्यांना सांगत आला. ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं, तरीही त्यांनी त्याचं ऐकलं.

आणि हा मार्क तरी कोण? प्रचाराच्या प्रवासात पंफुल्यातून पौलाला अर्ध्यावर सोडून यरुशलेमेला परत गेलेला तरुण. त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात इतकी जुंपली की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रेषितांची कृत्ये 15 वाचा. तोच पौल आयुष्याच्या शेवटी आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. म्हणजे पाठ फिरवून गेलेल्या माणसाने नाकारणाऱ्या माणसाची साक्ष लिहून ठेवली, आणि तीच आपण दर उत्तम शुक्रवारी वाचतो.

आता तुमच्या धैर्याबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने नाकारलं (18:18). दुसऱ्यांदा तिबिर्याच्या समुद्राकाठी, जिथे मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूने विस्तवावर मासळी ठेवली होती (21:9). प्रभूने त्याला जुन्या जखमेजवळच आणून बसवलं. जेवू घातलं, मग तीनदा विचारलं. पुन्हा असं करशील का, हे विचारलं नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढंच विचारलं आणि प्रत्येक उत्तरामागे आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सांभाळायचं काम सोपवलं. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मेंढरं हाती आली तेव्हाही त्याचं काळीज दुखतच होतं. लाज पूर्ण गेल्यावर उभा राहीन असं म्हणत असाल तर ती अट तुम्ही घातली आहे, प्रभूने नाही.

पुन्हा घसरण्याच्या भीतीविषयी. पेत्र पुढेही चुकला. पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, होऊन गेल्यावर, अंत्युखियात. परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमेकडची माणसं आली तसा भीतीने मागे सरला. पौलाने तोंडावर सुनावलं, गलती 2 मध्ये आहे. तरी पेत्राचं प्रेषितपण गेलं नाही. पण याचा अर्थ भीती सोडा असा घेऊ नका. वॉर्डात मी माणसं दुःखात घसरलेली पाहिली, तशी आनंदातही घसरलेली पाहिली. चार लोकांनी पाठ थोपटली, डोळ्यांत पाणी आणून हात हातात घेतले, की माणूस संध्याकाळी मोकाट सुटतो. म्हणून तुमचं बोलणं चांगलं झालं तर त्याच संध्याकाळी एएच्या मीटिंगला जा. वाईट झालं तरी जा.

बोलण्याबद्दल एक. तो चोर बघा. आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचं फळ आहे, असं तो कबूल करतो आणि लगेच येशूकडे वळतो. त्याने काय चोरलं, कुणाला लुटलं, याचं एक अक्षर लूकने लिहिलेलं नाही. कन्व्हेन्शनमध्ये, ख्रिस्ती मेळाव्यात, अर्धा तास दारूचं वर्णन आणि दोन मिनिटं प्रभू, अशा साक्षी मी फार ऐकल्या, आणि त्या संपल्यावर मनात दारूच राहते. तुम्ही एका वाक्यात कबूल करा. लोकांना बाकीचं ठाऊक आहे. उरलेला वेळ ज्याने वचन दिलं त्याच्याविषयी बोला.

आणि भाऊ, इतकं लिहिलंत, त्यात काका आले, पाळकसाहेब आले, लोक आले. तुमच्या मिसेसचं नावनिशाणही नाही. त्या काय म्हणतात?

ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी

सिस्टर, मनापासून आभार. थोडा इतिहास जोडतो, कारण हा प्रश्न मंडळीने फार आधी हाताळला आहे. 250 साली रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांपुढे बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती जीव वाचवायला वाकले. छळ थांबल्यावर हे "पडलेले" लोक मंडळीच्या दाराशी आले. एक गट म्हणाला, आता यांना जागा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप 251 मध्ये जमले आणि त्यांनी ठरवलं की खरा पश्चात्ताप आणि तपासणी करून त्यांना परत घ्यायचं. घाईने नाही, पण दार बंदही नाही.

दुसरा दाखला थॉमस क्रॅन्मर या आर्चबिशपचा. इंग्लंडमध्ये त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या 1552 च्या प्रार्थनापुस्तकात, हरवलेल्या मेंढरांसारखे आम्ही भटकलो, असा सामुदायिक पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, आहे. पुढे कॅथलिक राणी मेरीच्या काळात त्याच क्रॅन्मरने तुरुंगात खचून आपला विश्वास नाकारणाऱ्या कागदांवर सह्या केल्या. 21 मार्च 1556 ला ऑक्सफर्डमध्ये त्याने सगळ्यांसमोर त्या सह्या मागे घेतल्या आणि त्याला जिवंत जाळताना सही करणारा उजवा हात आधी आगीत धरला. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, वारसा असलेल्या मंडळ्यांत आजही त्या पापांगीकाराचे शब्द म्हटले जातात. तो म्हणताना मला हा माणूस नेहमी आठवतो.

शेवगावकर

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. जालनेकर साहेबांचं मनाला लागलं, म्हणून रविवारी उपासनेनंतर काकांच्या घरी गेलो. ते ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी क्षमा मागितली. ते बराच वेळ निवडतच राहिले. मग म्हणाले, "पैसे पोचले, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मी कमिटीत असेपर्यंत पेटीची किल्ली तुझ्या हाती देणार नाही. शुक्रवारी बोल, मी ऐकायला येईन." काकूंनी चहा दिला. परत येताना किल्लीचं वाक्य आधी टोचलं. मग वाटलं, ते खरं बोलले आणि येणार आहेत, दोन्ही एकाच दमात. मी मिठीची अपेक्षा घेऊन गेलो होतो बहुतेक.

सिस्टर, मिसेसचं विचारलंत. खरं सांगतो, तिला विचारायचं सुचलंच नव्हतं. तुमचं वाचून विचारलं. ती म्हणाली, "बोला. पण माझ्या मंगळसूत्राचं तिथे काढू नका." ते मी गहाण ठेवलं होतं, क्रॉसचं पान असलेलं, तिच्या आईने केलेलं. परत सोडवता आलं नाही. आजवर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मी तर ते साक्षीत सांगायचं ठरवून कागदावर लिहून ठेवलं होतं, लोकांचं मन हलेल म्हणून. ते खोडलं.

पाळकसाहेबांना हो कळवलंय. आता विचारायचं ते एवढंच, कागद बघून बोललं तर चालतं का? माझा आवाज कापतो.

जालनेकर

काकांना नावं ठेवू नका. क्षमा त्यांनी दिली, किल्ली हा हिशेबाचा भाग आहे. एका माणसाच्या हाती एकट्याने पेटी राहू नये, हा नियम तर आमच्याकडे सगळ्यांनाच लागू आहे. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

सिस्टरबाई, सोलापूर

कागद खुशाल न्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि पानांवर नंबर टाका. फक्त 43 वं वचन तोंडपाठ म्हणा, मान वर करून. आवाज कापला तर थांबून पाणी प्या, बारा ते तीनच्या उपासनेत कुणाला घाई नसते.

मंगळसूत्राचं खोडलंत ते फार बरं केलंत. ती गोष्ट त्यांची आहे. सांगायची झाली तर कधी, कुणाला, ते त्याच ठरवतील. आणि एएच्या पायऱ्यांत नुकसानभरपाई करायला सांगितलं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करीन, असं म्हटलं होतं. तुम्हाला चौपट जमणार नाही, पण वायरिंगच्या कामातून थोडं थोडं बाजूला टाकायला लागा. शुक्रवारी त्यांना पुढच्या बाकावर बसायचा आग्रह करू नका, त्यांना हवं तिथे बसू द्या.