ताज्या शेंगांच्या भाजीला वाटप हवे, की नुसती वाफ पुरे?

धागा मांडणारी, रत्नागिरी

गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते, तेव्हा परसातल्या चवळीच्या कोवळ्या शेंगांची भाजी मी नेहमीप्रमाणे केली. पहिला घास घेताच एका वहिनींनी अगदी सहज विचारले, "आज वाटप करायचे राहिले का?" राहिले नव्हते, ते मी केलेच नव्हते, आणि का केले नव्हते हे सांगण्यासाठी हा धागा काढते आहे.

माझे म्हणणे असे की शेंग सकाळी वेलावरून काढलेली असेल, वाकवताच कट्‌कन मोडत असेल आणि आतला दाणा अजून भरलेला नसेल, तर तिच्यावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप घालणे म्हणजे तिची चव पुसून टाकणे होय. आमच्याकडे शेंगा विळीवर चिरत नाहीत, हाताने मोडतात, कारण मोडताना दोर आपोआप निघून येतो आणि जून शेंग कोणती तेही बोटांना कळते. मोहरी, हिंग, हळद आणि दोन सुक्या मिरच्यांची फोडणी करून त्यात शेंगा परतायच्या, वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचे आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ठेवायचे. ताटलीतल्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्यावर पाणी होऊन पुन्हा भाजीत पडते, आणि म्हणून वेगळे पाणी घालावे लागत नाही. शेवटी मीठ, सुपारीएवढा गूळ आणि मूठभर ओले खोबरे घालावे. यापलीकडे काही घालायचे असल्यास ते का घालायचे, हे मला कोणीतरी पटवून द्यावे.

प्रतिसाद, मालवण

ताई, आपली भाजी उत्तम असेल यात शंका नाही, परंतु आपण आपल्या परसातल्या शेंगेवरून साऱ्या शेंगांचा निवाडा केला आहे. या लांब चवळीच्या शेंगेला आमच्याकडे वाली म्हणतात आणि तिची खोबरे घालून केलेली सुकी भाजी आम्हीही आवडीने खातो. पण बाजारात वर्षभर मिळते ती फरसबी. ती बहुतेक घाटावरून येते, वाटेत एक-दोन दिवस जातात, आणि तोवर तिच्यातला मूळचा गोडवा ओसरलेला असतो. अशा शेंगेला नुसती वाफ दिली, तर ताटात गवताची चव येते, हे मी अनुभवाने सांगतो.

तिला वाटपच हवे. कांदा उभा चिरून तांबूस होईपर्यंत भाजावा, किसलेले खोबरे त्याच तव्यावर वेगळे भाजावे, दोन्ही मालवणी मसाल्याबरोबर बारीक वाटावे आणि शेंगा जवळजवळ शिजल्यानंतरच ते घालून एक उकळी आणावी. सोबत बटाट्याच्या फोडी घातल्या की रस आळून येतो. भाकरीबरोबर अथवा गरम भातावर ही भाजी घेऊन पाहावी. शेंगेची चव पुसली जाते, हा आक्षेप मला मान्य नाही. जिची चव आधीच गेली आहे, तिला वाटप आधार देते.

प्रतिसाद, अलिबाग

वाफ आणि वाटप या दोहोंच्या वादात रायगडाला कोणी विचारलेच नाही, म्हणून लिहितो. भातकापणी झाली की शेतातल्या उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर न सोललेल्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा; मग बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी; पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. मडके उपडे ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. त्यात पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, आणि वाटपाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. शेंग स्वतःच्या ओलाव्यावर शिजते आणि पाल्याचा उग्र वास तिच्यात मुरतो.

तेव्हा रत्नागिरीच्या ताईंचे तत्त्व मला पटते, गूळ मात्र पटत नाही. आणखी एक खुलासा करतो, कारण उद्या कोणी मला शुद्ध वाफवादी म्हणेल: घरी वालाच्या शेंगांत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातले, तर मी पहिले तत्त्व सोडून दुसऱ्यांदा वाढून घेतो.

प्रतिसाद, दापोली

चवीचा वाद चालू राहू द्यावा. मला झाकणाविषयी बोलायचे आहे, कारण मूळ लेखातील पद्धतीची एक उणीव अजून कोणी दाखवली नाही. शेंग शिजू लागली की तिच्यातून थोडी आम्ले वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकण नसेल तर ती उडून जातात. झाकण असेल, आणि त्यातही पाण्याची ताटली असेल, तर तीच आम्ले पुन्हा भाजीत पडतात. त्यामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि सात-आठ मिनिटांत हिरवी शेंग मेंदीच्या वाळक्या पानासारखी दिसू लागते. आमसूल किंवा चिंच सुरुवातीलाच घातली तर रंग लवकर जातोच, शिवाय शेंग शिजायलाही वेळ घेते, कारण आम्लामुळे तिच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सैल होत नाही. म्हणून आंबट नेहमी शेवटी घालावे.

रंग टिकावा म्हणून काहीजण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. तसे करू नये, कारण रंग टिकतो पण शेंगेचा लगदा होतो आणि ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होते. त्यापेक्षा शेंग बारीक चिरावी, पहिली तीन-चार मिनिटे उघड्यावर परतावी आणि मगच झाकावी. फरसबीच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी: ती राजम्याच्याच जातीची असल्यामुळे कच्ची किंवा अर्धीकच्ची खाऊ नये, रंगापायी तिला अर्धवट शिजवणे चुकीचे आहे.

धागा मांडणारी, रत्नागिरी

झाकणाचा मुद्दा मला मान्य आहे, जरी माझ्या सासूबाईंना तो मान्य होणार नाही, कारण त्यांच्या मते हिरवीगार राहिलेली भाजी कच्चीच असते. काल मी अर्ध्या शेंगा दापोलीकरांच्या रीतीने आणि अर्ध्या जुन्या रीतीने केल्या. पहिल्या दिसायला निश्चित सरस होत्या. खोबरे मात्र जुन्या रीतीच्या मऊ शेंगेला अधिक बिलगले होते, आणि माझे मत तेथेच अडले आहे.

फरसबीविषयी मालवणच्या भाऊंचे बरोबर आहे. मी माझ्या विधानातून बाजारची फरसबी वगळते. परंतु वाली असो वा चवळी, ती ताजी असताना वाटप नको, हे मी सोडत नाही. अलिबागकरांनी गुळाला नाव ठेवले आहे. त्यांनी एकदा सुक्या मिरचीच्या फोडणीत गूळ घालून पाहावा आणि मग बोलावे.

प्रतिसाद, मालवण

विधान वगळल्याबद्दल आभारी आहे, पण माघार अर्धीच आहे. वेलावरच्या सगळ्या शेंगा कोवळेपणीच हाती लागतात असे नाही; पानाआड दोन-चार राहून जातात आणि दाणा भरल्यावर दिसतात. त्या जून शेंगांचे आपण काय करता? आमच्या घरी त्यांचे दाणे सोलून वाटपातच जातात.

धागा मांडणारी, रत्नागिरी

सोलतो आम्हीही. आमटी करतो, आणि होय, तिला वाटप लावतो.