मदत हवी आहे: सायकलचं दुकान चालवलेले बाबा, शाकाहारी आई आणि इटली

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला जायचं चाललंय. रोम-पिसा-व्हेनिस धावत बघायची टूर नको आहे. बाबांनी सांगलीत आयुष्यभर सायकलचं दुकान चालवलं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरहॉलिंग, रिमचा आउट काढणं, सगळं स्वतःच्या हाताने. दुकान आता बंद आहे, तरी गल्लीतल्या पोरांच्या सायकली अजून आमच्या दाराशी येऊन पडतात. त्यांना युरोपात एकच गोष्ट बघायची आहे: इटालियन सायकली. काम्पान्योलोचा जुना गिअर त्यांच्या हाताखालून एकदाच गेला, एका परदेशी पाहुण्याच्या सायकलवरचा. तो खोलून, रॉकेलमध्ये धुऊन परत बसवताना एकाही सांध्यात खेळ सापडला नाही, हे ते अजूनही ऐकवतात.

आई सायकल चालवत नाही, पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. मला स्वतःला वाईनमध्ये रस आहे, बाबाही जेवणासोबत ग्लासभर घेतात. बाबांचं वय सहासष्ट. सपाटीवर रोज फिरतात, घाटाची सवय नाही.

आतापर्यंत वाचलेलं असं: तोस्काना प्रांतात गायोले इन किआन्ती नावाच्या गावी ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची राइड असते. १९९७ मध्ये सुरू झाली, १९८७ च्या आधीच्या रेसिंग सायकली लागतात, शर्यत नाही आणि वाटेत खायला-प्यायला भरपूर. दुसरीकडे कोमो तलावावर घिसाल्लोचं सायकलस्वारांचं देवालय आणि म्युझियम. आणि पार्मा-मोदेना-फेरारा हा भाग सपाट म्हणून बरेच जण सुचवतात.

प्रश्न असे की बाबांना लेरोइका झेपेल का, का तीच वाट एरवी निवांत चालवावी? आईच्या जेवणाचं कुठे जमेल? आणि एका प्रवासात हे सगळं बसवायचा अट्टहास करावा का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

– रेवा_सांगली

घाटवेडा:

रेवा, आधी भूगोल सांगतो, कारण जाहिरातींतल्या फोटोंत तो दिसत नाही. किआन्तीत सपाट असं काही नाही. एक टेकडी उतरलात की लगेच दुसरी, आणि मध्ये चाक मोकळं सोडावं असा रस्ता फारसा येत नाही. त्यात 'स्त्रादे बियान्के', म्हणजे पांढरे कच्चे रस्ते. चढावर मागचं चाक घसरतं, उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचं. जुन्या कॅलिपर ब्रेकवर हे उतार अंगावर येतात. हे रस्ते टिकले त्यालाही लेरोइकाच कारण आहे. ती सुरू करणाऱ्या जानकार्लो ब्रोच्ची यांना त्या रस्त्यांवर डांबर पडू द्यायचं नव्हतं, आणि लोक सायकलवर तिथे आले तरच ते वाचतील असं त्यांचं म्हणणं होतं. २००७ पासून व्यावसायिक रेसरसुद्धा याच पांढऱ्या रस्त्यांवरून सिएनाच्या चौकात पोचतात.

लांब रूट २०९ किलोमीटरचा आहे, साडेतीन हजार मीटरहून जास्त चढ. त्याचा विचारही नको. सर्वांत छोटा साधारण ४६ किलोमीटरचा असतो. रोज सायकल चालवणाऱ्या माणसाला तो जमण्यासारखा आहे, पण आधी दोन-तीन महिने चढाचा सराव हवाच. सज्जनगड किंवा पन्हाळ्याची चढण अर्ध्यावर न थांबता जमली तर मी 'जा' म्हणेन.

सायकलचे नियम कडक आहेत. गिअरचे लिव्हर तिरक्या दांड्यावर, पॅडलला पाय अडकवायची टो-क्लिप आणि पट्टे, ब्रेकच्या वायरी हँडलच्या वरून बाहेर आलेल्या. इथून सायकल नेऊ नका. जुन्या पोलादी सायकली तिथेच भाड्याने मिळतात, फक्त त्या दिवसांसाठी खूप आधी सांगून ठेवाव्या लागतात.

आणि राइडपेक्षाही बाबांना जे आवडेल ते म्हणजे गायोलेच्या रस्त्यांवर भरणारा जुन्या सुट्या भागांचा बाजार. टेबलावर जुने हब, फ्रीव्हील, चामड्याची सीट, पितळी बेल, चिमटे, फ्रेम मांडलेल्या. विकणारेही बहुतेक तुमच्या बाबांच्याच पिढीचे कारागीर. भाषा आली नाही तरी हब हातात घेऊन फिरवला की त्यांचं बोलणं सुरू होतं. तिथे चाळिशीच्या दशकातली 'काम्बियो कोर्सा' गिअर लावलेली सायकल दिसली तर बाबांना थांबवाच. मागच्या चाकाजवळ, उजव्या बाजूला दोन लिव्हर. रेसरने चालत्या सायकलवर मागे हात घालून एकाने चाक ढिलं करायचं, पॅडल उलटं मारत दुसऱ्याने साखळी सरकवायची आणि चाक परत आवळायचं. हा गिअर म्हणजे काय हे तुमच्या बाबांइतकं पटकन कोणाला कळणार नाही.

अनुजा_फिरेन्झे:

मी फ्लोरेन्समध्ये राहते, घरी सासूबाई शाकाहारी आहेत, त्यामुळे हा विषय रोजचा. माझं स्पष्ट मत: आई सोबत असताना पार्मा-मोदेना-फेरारा पट्टा नको. रस्ते सपाट आहेत, पण तिथल्या ब्रेडमध्ये चरबी असते. फेरारातला प्रसिद्ध पिळाचा ब्रेड डुकराच्या चरबीत मळतात, शेजारच्या रोमान्यातला 'पियादिना'सुद्धा मूळ पद्धतीत तसाच. वर ताजा पास्ता अंड्याचा. पिएमोन्तेमध्ये, जिथे बारोलो वाईन होते, तिथला ताजा पास्ता तर नुसत्या पिवळ्या बलकाचा.

तोस्कानात गोष्ट वेगळी आहे. इथला रोजचा पाव मीठ न घालता करतात, त्यात चरबी नसते. सिएनाकडचा 'पिची' हा हाताने वळलेला जाड पास्ता मुळात पीठ आणि पाण्याचा, अंड्याशिवाय. तो 'आल्लाल्योने' म्हणजे टोमॅटो-लसणाच्या रश्शात मागवा. 'रिबोल्लिता' म्हणजे काळी केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), पांढरा राजमा, भाज्या आणि शिळा पाव घालून शिजवलेलं घट्ट सूप. लेरोइकाच्या वाटेवरच्या थांब्यांवरही तेच वाढतात. सोबत पावावर वाईन शिंपडून साखर घातलेली, शेतकऱ्यांची जुनी न्याहारी. 'पाप्पा अल पोमोदोरो' टोमॅटो आणि पावाची, ती तर आईला नक्की आवडेल. समुद्राकडे, लिव्होर्नो-पिसा बाजूला हरभऱ्याच्या पिठाची 'चेचिना' मिळते. आपल्या बेसनाच्या पोळ्याची भट्टीत भाजलेली बहीण म्हणा.

दोन ठिकाणी मात्र लक्ष ठेवा. एक, 'मांस नको' म्हटलं तरी काही स्वयंपाकघरांत हॅमचे बारीक तुकडे किंवा मांसाचं पाणी 'मांस' धरत नाहीत. म्हणून 'नियेन्ते कार्ने, नियेन्ते प्रोशुत्तो, नियेन्ते ब्रोदो दि कार्ने' असं सगळं नाव घेऊन सांगायचं, शेवटी 'सेन्झा उओव्हा', म्हणजे अंड्याशिवाय. कागदावर लिहून दाखवलं तर आणखी चांगलं. दुसरं चीज. पार्मेसान, ग्राना पादानो आणि बहुतेक पेकोरिनो वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, वापरून होतात. आईला ते चालत नसेल तर आधीच कळलेलं बरं, कारण ताटावर चीज न विचारता किसून येतं. दुकानात 'काल्यो व्हेजेताले', म्हणजे वनस्पतीचं रेनेट, लिहिलेलं चीज मिळतं, ते घेऊन ठेवा.

डबलसीट:

घिसाल्लो नक्की बघण्यासारखं आहे, पण याच प्रवासात घुसवू नका. माग्रेल्यो गावातलं ते छोटं देवालय. १९४९ मध्ये पोप बाराव्या पायसनी घिसाल्लोच्या मादोन्नाला, म्हणजे मेरी मातेला, सायकलस्वारांची पालक संत जाहीर केलं. आत भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत, फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली या नामांकित इटालियन रेसरांच्या. त्यांतच १९९५ च्या तूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून गेलेल्या फाबियो कासार्तेल्लीची वाकलेली सायकल. बाजूचं मोठं म्युझियम २००६ मध्ये उघडलं. मिलानहून आस्सोपर्यंत लोकल ट्रेन आणि पुढे बस किंवा टॅक्सी, म्हणजे मिलानमध्ये एक दिवस जास्त ठेवलात तर जमेल. विमान मिलानहून असेल तरच करा.

तुम्ही फ्लोरेन्सला असणारच, तर त्याऐवजी पोन्ते आ एमाला जा. शहराच्या दक्षिण टोकाला, बार्तालींचं जन्मगाव. तिथे त्यांच्या नावाचं सायकल म्युझियम आहे, वेळा मोजक्या असतात, आधी बघून जा. बार्तालींनी १९३८ आणि १९४८ अशा दोन तूर द फ्रान्स जिंकल्या, मध्ये महायुद्ध. पण त्यांचं मोठं काम त्या मधल्या काळातलं. १९४३-४४ मध्ये सरावाच्या नावाखाली फ्लोरेन्स ते असिसी सायकल मारायची आणि फ्रेमच्या नळ्यांत लपवलेली खोटी ओळखपत्रं ज्यूंपर्यंत पोचवायची. पोलिसांनी अडवलं तर सायकलला हात लावू नका, सगळं मापात बसवलंय, असं सांगायचं. हयातभर त्यांनी याचा गवगवा केला नाही. २०१३ मध्ये इस्रायलच्या याद व्हाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक संस्थेने त्यांचा गौरव केला, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. सीट-पोस्ट काढून नळीत कागद सरकवणं म्हणजे काय, हे ज्याने हजारो सीट-पोस्ट काढलेत त्याला तिथे उभं राहून समजेल. माझ्या मते तुमच्या बाबांसाठी पूर्ण इटलीत यापेक्षा योग्य जागा नाही.

आणखी एक, फार कोणी सांगत नाही म्हणून. मार्के प्रांतात फाब्रियानो गावात धंद्याच्या सायकलींचा संग्रह आहे. न्हावी, चाकू-सुऱ्यांना धार लावणारा, दूधवाला, असे सायकलवर दुकान थाटून गावोगाव फिरणारे कारागीर, त्यांच्या सायकली. उघडा आहे का ते फोन करून विचारा. रोम-आंकोना रेल्वेवरच आहे, आणि शेजारच्या मातेलिकाची व्हेर्दिक्यो ही पांढरी वाईन चांगली.

रेवा_सांगली:

सगळ्यांचे मनापासून आभार. बार्तालींचं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच विचारलं की कागद नळीत कसे अडकवत असतील, खडखडले नसतील का. पोन्ते आ एमा नक्की.

आता दोन शंका. वाईनच्या ठिकाणी सायकलने जाऊन चव घेणं कायद्याने चालतं का? आणि आई त्या दिवशी काय करेल?

अनुजा_फिरेन्झे:

सायकललाही वाहन धरतात. रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे आणि लोकांवर कारवाई झालेली आहे. त्यामुळे राइड सकाळी, वाईन दुपारी मुक्कामी पोचल्यावर. गायोलेहून जवळ ब्रोलियोचा किल्ला आहे, रिकासोली घराण्याचा. किआन्तीत सान्जोव्हेजे द्राक्ष मुख्य ठेवायची घडी याच घराण्यातल्या बेत्तीनो रिकासोलींनी एकोणिसाव्या शतकात बसवली, ते इटलीचे पंतप्रधानही होते. आज बाटलीवर काळा कोंबडा असलेल्या किआन्ती क्लासिकोत किमान ८० टक्के सान्जोव्हेजे लागते. निघण्याआधी अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वायनरीची सान्जोव्हेजे चाखून जा. तीच जात सोलापूरच्या उन्हात कशी होते आणि ब्रोलियोच्या टेकडीवर कशी, हे ताजं आठवत असेल तर तिथल्या ग्लासात जास्त कळतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्राक्षतोडणीही चालू असते.

आईसाठी लुक्कात दोन रात्री ठेवा. गावाभोवतीची तटबंदी चार किलोमीटरहून थोडी जास्त, वर झाडांच्या सावलीतला रुंद सपाट रस्ता, गाड्या नाहीत. तिथे दोघांची जोडसायकल मिळते, बाबा पुढे आणि आई मागे.

घाटवेडा:

गायोलेला रेल्वे नाही. फ्लोरेन्सहून सिएना ट्रेनने, पुढे बस. सायकल ट्रेनमध्ये घालायची तर रिजनल गाडी पकडा, डब्यावर सायकलचं चिन्ह असतं आणि सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान तीस हजार युरोचा. बाबांच्या पॉलिसीत सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का, हे एजंटकडून लिहून घ्या.

रेवा_सांगली:

ठरलं. कोमो, पार्मा बाद. फ्लोरेन्स, लुक्का, गायोले एवढंच. लेरोइकाच्या आठवड्यात गायोलेत राहायचं, बाजार पूर्ण बघायचा. राइडचं पन्हाळ्यावर ठरेल. नाही जमलं तर त्याच वाटेचा ब्रोलियोपर्यंतचा तुकडा नंतर निवांत, कारण पाट्या बारा महिने असतात असं कळलं. बाबांची उंची पाच फूट चार इंच. भाड्याची सायकल सांगताना काय माप सांगू?

घाटवेडा:

जुन्या इटालियन फ्रेम सेंटिमीटरमध्ये मोजतात. ५० किंवा ५१ सांगा, ५२ च्या वर नको, दांडी लागेल. मागच्या फ्रीव्हीलची सर्वांत मोठी दातेरी चकती जितकी मोठी मिळेल तितकी मागा, चढावर तीच सोबत करते. आणि टो-क्लिपचा सराव सांगलीतच करून घ्या. थांबायच्या थोडं आधी पट्ट्याचं बक्कल अंगठ्याने सैल करायचं, मग पाय बाजूला नाही, सरळ मागे ओढायचा. हे आठवून करावं लागता कामा नये, हाताला लागलं पाहिजे.