१/२४ च्या बॉडीत १/२५ चं इंजिन बसेल का?

प्रश्न: माझ्याकडे प्लास्टिकच्या मॉडेल कारची १/२४ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) बॉडी आहे पण त्या किटमध्ये इंजिनच नाहीये, दुसऱ्या १/२५ च्या किटमधलं व्ही-८ मस्त आहे, ते टाकलं तर विचित्र दिसेल का?

उत्तर: बिनधास्त टाक. फरक जेमतेम ४ टक्के, इंजिनात कळत पण नाही. चॅसिस (खालचा सांगाडा) मात्र जपून, खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५०० मिमी धरला तर १/२४ मध्ये १०४ आणि १/२५ मध्ये १०० मिमी येतो, चाक कमानीत सरकलेलं लगेच दिसतं.

उत्तर: गोंद लावायच्या आधी ब्लू टॅकवर (काढता येणारी चिकट पुट्टी) बसवून बॉनेट लागतंय का बघ. माझ्या वेळी एअर क्लीनर वर टेकत होता, इंजिन ज्यावर बसतं ते माउंट १ मिमी घासले तेव्हा कुठे बसलं. आणि भागांवरचा चकचकीत क्रोमचा थर खरवडल्याशिवाय प्लास्टिकचा गोंद धरत नाही हां.

प्रश्नकर्ता: भारी, आज रात्रीच बसवून बघतो!